हं न म्हणण्याची चाचणी

कालिंदीबाईंच्या दहाव्याला कावळा शिवला नाही.

कलकत्त्यात कावळ्यांना काय तोटा? बागबाजारच्या घाटावर त्या सकाळी तीसेक तरी बसले होते. पण श्यामराव खानझोड्यांनी बायकोच्या नावाचा पिंड ठेवला आणि सगळे कावळे पलीकडच्या घाटाकडे तोंड करून बसले. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही. मग घरच्यांनी हात जोडून एकेक गोष्ट कबूल करत जायची. खरी इच्छा सापडली की तो येतो. श्यामरावांनी तंबाखू सोडायचं कबूल केलं. लीनाचं, म्हणजे मुलीचं, बाळंतपण नीट करू म्हणाले. ब्लडप्रेशरची गोळी रोज घेईन म्हणाले. कावळे हलले नाहीत. नागपूरहून आलेली त्यांची मेहुणी सरला मागं उभी होती.

"भाऊजी," ती म्हणाली, "तिला काय हवं होतं ते तुम्हाला माहीत आहे."

"हं," श्यामराव म्हणाले.

त्यांना माहीत नव्हतं. कलकत्त्यातल्या मराठी घरांची कार्यं करणारे गुरुजी एरवी बँकेत नोकरीला होते आणि साडेदहाला त्यांना टेबलावर असायला हवं होतं. त्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं आणि पिशवीतून दर्भाचा कावळा काढला. तो त्यांनी घरूनच करून आणला होता. खरा कावळा आला नाही तर दर्भाचा टेकवला तरी शास्त्राला चालतं. त्यांनी तो टेकवला आणि ट्राम पकडली. सरला त्याच दिवशी नागपूरला गेली, आणि नंतर श्यामरावांच्या तीन पत्रांना तिचं उत्तर आलं नाही.

ही सत्त्याहत्तर सालच्या मार्च महिन्यातली गोष्ट. त्यानंतर सहा महिने श्यामराव एकाच कामात होते: कालिंदीला काय हवं होतं ते शोधायचं. टेलिफोन खात्यात इंजिनिअर असल्यामुळे त्यांनी ते पद्धतशीर चालवलं. तिची ट्रंक उपसली. तिची पाककृतींची वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि त्यांना कळलं की कढी नीट व्हायची तेव्हा ती मुद्दाम नीट केलेली असायची. ओळखीच्या प्रत्येकाला विचारलं. प्रत्येकाला उत्तर माहीत होतं. दूधवाला म्हणाला, काशी. घरमालकांची बायको म्हणाली, तिला एकदा इलिश मासा खायचा होता, पण तुमच्या धाकानं बोलली नाही. कालिंदीनं उभ्या जन्मात अंडंसुद्धा फोडलं नव्हतं, तरी श्यामरावांनी इलिशचा तुकडा आणून गच्चीवर ठेवला. कावळे लगेच आले. पण इलिशला कावळा येतो यात कबुली कसली?

घरमालक गमत्या माणूस. ते म्हणायचे, मराठ्यांना अडवायला आमच्या पूर्वजांनी इथूनच तर खंदक खणायला घेतला होता, आणि मी सोळा वर्षांपूर्वी स्वतः तुम्हाला वरचा मजला भाड्यानं दिला. आता मात्र तेही जपून बोलायचे. वरच्या मजल्यावर एकटा माणूस आणि इतकी शांतता, की त्यांना रात्री उगाच जिन्यापर्यंत येऊन जावंसं वाटायचं.

सप्टेंबरात ऑफिसात पेटी आली.

तिची गोष्ट अशी. त्या वर्षी खात्याला परक्या देशांचा एक उपग्रह काही दिवस वापरायला मिळाला होता. कलकत्ता आणि नागपूर यांच्यामध्ये त्यावरून टेलिफोन चालवून पाहायचा होता. बोलणं वर आभाळात जाऊन खाली यायचं, त्याला वेळ लागायचा. नागपूरचा माणूस बोलला की त्याचा आवाज कलकत्त्यात उतरायचा, इथं चार तारांच्या दोन तारा होतात तिथं त्यातला थोडा गळायचा आणि उलट वाटेनं परत नागपूरला जायचा. त्या माणसाला अर्ध्या सेकंदानं स्वतःचंच बोलणं ऐकू यायचं. बहुतेक माणसं त्यानं गप्प होतात. नागपूरचे एक वकील मात्र स्वतःच्या प्रतिध्वनीशी वाद घालू लागले आणि असं कळलं, की हरले.

पेटी हा प्रतिध्वनी मारण्यासाठी होती. ती परदेशातल्या एका प्रयोगशाळेनं चाचणीसाठी दिली होती. आकार बेडिंगच्या वळकटीएवढा. पण श्यामरावांच्या साहेबांनी झाकण उघडून दाखवलं तर खरं काम करणारी चिप नखाएवढी होती, बाकी सगळा पंखा. ती चिप येणारा आवाज लक्षात ठेवायची, त्यातला किती आणि कसा गळेल याचा अंदाज बांधायची, तसाच खोटा प्रतिध्वनी स्वतः तयार करायची आणि खऱ्यातून वजा करायची. सुरुवातीला अंदाज चुकायचा. चुकत चुकत ती शिकायची. किती चूक उरली ते एक काटा दाखवायचा. काटा तांबड्या रेघेखाली उतरून पूर्ण एक मिनिट तिथं राहिला की पेटी शिकली.

एक अट होती. पेटी शिकत असताना इकडच्या माणसानं बोलायचं नाही. दोन्ही बाजू एकदम बोलल्या तर गळलेला आवाज कुठला आणि जिवंत माणसाचा कुठला हे तिला कळत नसे. तसं झालं की ती शिकणं थांबवायची आणि पिवळा दिवा लावायची.

दिल्लीच्या आदेशात कलकत्त्याच्या बाजूनं कानाला रिसीव्हर लावून बसायला श्यामरावांचं नाव होतं. नागपूरच्या बाजूनं बाईचा आवाज हवा होता. तिथं ट्रंक कॉल जोडणाऱ्या ऑपरेटरांपैकी सर्वांत जुनी बाई म्हणून सरलाची नेमणूक झाली. श्यामरावांना ते रिसीव्हर उचलल्यावर कळलं.

"नागपूर बोलतंय," सरला म्हणाली. "खानझोडे साहेब आहेत का?"

अठ्ठावीस वर्षांत तिनं त्यांना साहेब म्हटलं नव्हतं. श्यामरावांनी आहे म्हणून सांगितलं. सरलानं दिल्लीहून आलेला मजकूर वाचायला घेतला. तो देशातल्या कापसाच्या उत्पादनावर होता आणि पाच मिनिटं पुरायचा. तिनं तो अखेरपर्यंत वाचला. काटा उतरला नाही.

तीन दिवस उतरला नाही. थोडा घसरायचा, की पुन्हा वर. तारा बदलल्या. जोडांना नव्यानं डाख दिले. विश्वकर्मा पूजेच्या दिवशी श्यामरावांच्या हाताखालच्या घोषालबाबूंनी पेटी मूर्तीसमोर नेऊन ठेवली, तिला शेंदूर लावला आणि पंख्याच्या जाळीत झेंडूचं फूल अडकवलं. बाहेर सगळ्या शहराचे पतंग उडत होते. दुसऱ्या दिवशी पंखा झेंडू खाऊन बंद पडला. तो उघडून साफ केला. काटा तिथंच.

साहेब रोज विचारायचे. तीस तारखेला उपग्रह दुसऱ्या कामाला जाणार होता आणि पेटीही परत द्यायची होती. पेटी शिकली नाही तर ती मुळातच बिघडलेली होती की कलकत्त्यानं बिघडवली, हे ठरवायला समिती बसणार होती.

शेवटी खोट घोषालबाबूंनी पकडली. ते काट्याकडे न बघता दिव्याकडे बघत बसले होते.

"श्यामबाबू," ते म्हणाले, "तुम्ही बोलताय."

श्यामराव म्हणाले की मी तोंड उघडलेलं नाही.

"तोंड उघडत नाही तुम्ही. पण हं म्हणता. दर वाक्याला. मी मोजले, पाच मिनिटांत एकेचाळीस."

श्यामरावांना हे पटलं नाही. पुन्हा लाइन जोडली. सरलानं कापूस सुरू केला. श्यामराव ओठ मिटून बसले, आणि पहिल्या वाक्याच्या शेवटी पिवळा दिवा लागला. त्यांनी स्वतःकडे चोरट्यासारखं पाहिलं. हं त्यांच्याच नाकातून निघाला होता.

आता परदेशात माणूस दुसऱ्याचं बोलणं मुकाट ऐकत असेल. आपल्याकडे कुणी बोलत असताना मधेमधे हुंकार दिला नाही तर बोलणारा थांबतो आणि विचारतो, आहात ना? पेटी बनवणाऱ्यांना ही गोष्ट कुणी सांगितलेली नव्हती.

मग उपाय सुरू झाले. दुसरा माणूस बसवावा म्हणून घोषालबाबू बसले. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण समोर बाई बोलते आहे म्हटल्यावर ते दर वाक्याला हां, बोला, बोला म्हणत राहिले. साहेब स्वतः बसले. त्यांना खोकला होता. शिवाय आदेशात नाव श्यामरावांचं, तेव्हा काम पुन्हा श्यामरावांकडे आलं. बोलायच्या भागावर तळहात ठेवून पाहिलं. पेटी झटकन शिकली, पण ती हातासकट शिकली. हात काढला की पहिल्यापासून. तोंडात पान कोंबलं तर हं नाकातून जास्त घुमू लागला. साहेबांनी हिंदी अधिकाऱ्याचं मत मागवलं. हं हा शब्द नसल्यामुळे तो उच्चारल्यानं मौन भंग होत नाही, असं त्यानं लेखी दिलं. तो कागद पेटीसमोर धरून उपयोग नव्हता. मग श्यामरावांकडून खुलासा मागवला गेला: सदर अधिकारी चाचणीच्या वेळी हं का म्हणतात. श्यामरावांनी खाली लिहिलं, सवय. साहेबांनी विचारलं, कधीपासून? श्यामरावांनी लिहिलं, लग्न झाल्यापासून.

एकोणतीस तारखेच्या दुपारी सरला वाचता वाचता थांबली.

"भाऊजी, मी आत्ता काय वाचलं?"

श्यामराव म्हणाले, "कापूस."

"कापूस परवापर्यंत होता. कालपासून ऊस आहे."

घोषालबाबूंनी खूण करून विचारलं, काय म्हणते? श्यामरावांनी मान हलवली. त्यांना पहिल्यांदाच वाटलं, की एकेचाळीस हं पैकी एकाही वेळी आपण काही ऐकलेलं नव्हतं. हं म्हणजे ऐकतोय असं नव्हतं. हं म्हणजे चालू दे.

"ती हेच सांगायची," सरला म्हणाली. "सरले, माझ्या घरात भिंतीसुद्धा हं म्हणतात." मग तिनं विचारलं, "उद्या शेवटचा दिवस ना?"

"हो."

"मजकूर दिल्लीचाच वाचायला हवा?"

श्यामरावांनी पेटीबरोबर आलेलं पुस्तक पाहिलं. त्यात म्हटलं होतं, सलग पाच मिनिटं कुठलंही स्वाभाविक बोलणं. त्यांनी तसं सांगितलं.

तीस तारखेला साहेब, घोषालबाबू आणि पेटी अशी तिघं एका बाजूला आणि श्यामराव दुसऱ्या बाजूला बसले. काटा वर होता. सरला म्हणाली, मी सुरू करते, आणि सुरू केलं.

"भाऊजी, माझ्याकडे तिची अकरा वर्षांची पत्रं आहेत. पहिलं सहासष्टच्या दिवाळीतलं. लिहिते, आज लोखंडी कपाट आणलं, जिन्यातून चढवताना चार हमाल लागले, आणि ठेवलं ते बरोबर खिडकीपुढे. त्या खोलीला ती एकच खिडकी. मी म्हटलं, जरा बाजूला सरकवा. हे म्हणाले, हं."

पिवळा दिवा लागला नव्हता. घोषालबाबू पुढं वाकले.

"पुढचं पत्र संक्रांतीचं. कपाट तिथंच. तांदूळ निवडायला दिवा लावून बसावं लागतं. यांना पुन्हा सांगितलं, हं म्हणाले. सगळी वाचत नाही, चाळीसेक आहेत. बांगलादेशाचं युद्ध झालं त्या पत्रातसुद्धा शेवटी आहे, कपाट तिथंच. लीनाच्या लग्नात सामान हलवायला माणसं आली होती, तेव्हा तिला वाटलं की आता हलेल. त्यांनी कपाटाच्या भोवतीनं झाडलं आणि गेली. मी तिला लिहिलं, अगं तू दुसऱ्या कुणाकडून सरकवून घे. तर म्हणाली, नाही. हे हो म्हणालेत. हं म्हणजे हो ना? मग मी वाट बघते."

काटा घसरू लागला होता. तो तांबड्या रेघेशी आला, तिथं जरा थरथरला आणि खाली गेला. साहेबांनी मनगट उलटं करून सेकंदकाटा धरला. श्यामराव काट्याकडे बघत नव्हते. ते काही आवरून धरून बसले होते असंही नव्हतं. त्यांना हं आठवलाच नाही. ते ऐकत होते, आणि ऐकताना माणसाला दुसरं काही करता येत नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"आजारपणात मी आले होते तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची," सरला सांगत होती. "मी म्हटलं, इकडे वळ. तर म्हणाली, इकडे खिडकी आहे. मी म्हटलं, कपाट आहे. ती म्हणाली, कपाटामागे आहे. घाटावर मी मुद्दाम बोलले नाही भाऊजी. मला वाटलं, एवढं एक तुम्हीच सांगाल. तुम्ही कावळ्यांसमोरही हं म्हणालात."

साहेबांनी हात वर केला. एक मिनिट झालं होतं. घोषालबाबूंनी दोन्ही हात जोडून पेटीला नमस्कार केला.

सरलाचं बोलणं संपलं होतं. लाइन आता इतकी स्वच्छ होती की अशा वेळी माणसाला वाटतं, तार तुटली, पलीकडे कुणी नाही. तसं वाटू नये म्हणून पेटी आपल्या पदरची थोडी खरखर तिकडे सोडायची. तीही तिची एक करामत होती. पुस्तकात तिच्यासाठी दोन पानं होती. नागपुरात सरला ती खरखर ऐकत बसली असणार. तिचा स्वतःचा आवाज परत येत नव्हता, आणि हं पण येत नव्हता.

"भाऊजी," तिनं विचारलं, "आहात ना?"

"ऐकलं," श्यामराव म्हणाले.

साहेबांनी अहवाल तिथंच लिहायला घेतला. पेटी निर्दोष आहे. संबंधित अधिकाऱ्यानं काही न म्हटल्यामुळे चाचणी यशस्वी झाली. तुमची वरिष्ठांकडे शिफारस करतो, ते श्यामरावांना म्हणाले. खात्यात काही न म्हटल्याबद्दल शिफारस झालेले तुम्ही पहिलेच नसाल, पण कागदावर पहिले. श्यामरावांनी अर्ध्या दिवसाची रजा मागितली. कारण विचारल्यावर म्हणाले, कपाट सरकवायचं आहे.

घोषालबाबू बरोबर आले. खालून घरमालक आले. ते म्हणाले की त्या भिंतीला खिडकी आहे हे मी घरमालक असून विसरलो होतो. तिघांनी जोर लावला, पण कपाट हललं नाही. अकरा वर्षांत त्याचे पाय लादीत रुतले होते. आतलं सामान काढायला घेतलं. कालिंदीच्या साड्या श्यामरावांनी स्वतः काढून पलंगावर ठेवल्या. मग पुन्हा जोर लावला आणि कपाट मोठ्यानं ओरडत तीन हात बाजूला गेलं. मागं भिंतीवर त्याच्या मापाचा कोरा चौकोन होता, आणि त्यात खिडकी. ती रंगानं चिकटली होती. घोषालबाबूंनी चाकूनं फट मोकळी केली. श्यामरावांनी ढकलली.

समोर भिंत होती.

शेजाऱ्यांनी चार वर्षांपूर्वी मजला चढवला होता. हात लांब केला तर विटांना लागला असता. वर बघितलं तर आभाळाची एक पट्टी, शेल्यासारखी. घरमालकांना वाईट वाटलं. ते म्हणाले, काय उपयोग झाला, खोलीत उजेड येणार तो दुपारी अर्धा तास. घोषालबाबूंनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, तो अर्धा तास हाच असणार. खरंच लादीवर कवडसा पडला होता. तो बरोबर तांदूळ निवडायच्या सुपाएवढा होता.

दोघं चहाला खाली गेले. श्यामराव वरच थांबले. खिडकीतून गल्ली आत येत होती: नळावरच्या बादल्या, कुणाचा तरी रेडिओ, वळणावर ट्रामची घंटा, आणि खाली दोन बायका, ज्यांचं बोलणं कुठं सुरू झालं आणि कुठं संपणार हे कळत नव्हतं. वेगळं काढून ऐकावं असं त्यात काही नव्हतं. पण सहा महिन्यांत पहिल्यांदा त्या खोलीत कुणी नाही असं वाटलं नाही.

त्यांनी स्वयंपाकघरातून सकाळच्या भाताची मूठ आणून खिडकीच्या कडेवर ठेवली. हात जोडले. कबूल करायचं असं आता काही उरलं नव्हतं, करून झालं होतं. म्हणून ते नुसतेच उभे राहिले.

कावळा त्यांचे जोडलेले हात खाली यायच्या आत आला. तो बहुधा सगळा वेळ शेजारच्या भिंतीवरच बसलेला असावा. त्यानं भात उचलला, मान वाकडी करून खोलीत पाहिलं, कपाट कुठं ठेवलंय ते जणू तपासलं, आणि काव म्हणाला.

श्यामराव काही बोलले नाहीत. तो दुसऱ्यांदा ओरडला तेव्हाही त्यांनी त्याला मधे तोडलं नाही.